फ्रीजरची धर्ममाता

दोन्या कासिमिराने फोन कानाला लावून फ्रीजरमागे पुन्हा एकदा डोकं घातलं.

"बाई, चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे सोळा अंक वाचा," कंपनीतली मुलगी म्हणाली. "बारापर्यंत ओळख पटली नाही, तर यंत्र आपोआप बंद होईल."

आत चाळीस लिटर दालचिनीचं आइस्क्रीम होतं, संध्याकाळच्या जत्रेचं. आणि चिठ्ठीवर अंक म्हणून उरला नव्हता. नवी वस्तू आली की धरणीमातेचं नाव घेऊन तिच्यावर बिअर शिंपडायची, ही त्यांच्या कोचाबाम्बा शहराची रीत. पण नवऱ्याने, फेर्मिनने, फ्रीजरला चक्क अंघोळ घातली होती.

"दोन थेंब पुरतात रे मेल्या!"

"एवढं हुशार यंत्र, म्हटलं दोन थेंबांनी काय होतंय त्याचं?"

मुलीने एक वाट सांगितली. शेजारी कंपनीचा ओळख पटलेला फ्रीजर असेल, तर तो साक्ष देईल. त्याच्या मालकिणीने फक्त इथे येऊन आपल्या फोनवर हो म्हणायचं.

"म्हणजे बाप्तिस्म्याला लागते तशी ह्याला धर्ममाता हवी," फेर्मिन म्हणाला.

गल्लीत असा फ्रीजर एकच होता, समोरच्या दोन्या एदुविगिसचा. तीही आइस्क्रीमच विकायची. 'कासिमिराच्या आइस्क्रीमात निम्मं पाणी' हे गल्लीभर तिनेच केलं होतं. दोन वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. पण अडला हरी! पावणेबाराला कासिमिरा रस्ता ओलांडून गेली.

एदुविगिस निमूट आली, फोन काढून हो म्हणाली. फ्रीजर खुशीत घुरघुरला. कासिमिराच्या जिवात जीव आला.

"यंत्राचं नाव काय ठेवायचं?" फोनवरून मुलीने विचारलं.

"ते धर्ममातेने ठेवायचं," फेर्मिन पुटपुटला.

"तिला नावं ठेवायला सांगावं लागत नाही!" कासिमिराच्या तोंडून निसटलंच.

एदुविगिस हसली नाही. "फ्लोरिंदा ठेवा. आणि कोमाद्रे, धर्ममातेचा पहिला घास असतो."

कोमाद्रे! मुलाची आई आणि धर्ममाता एकमेकींना म्हणतात ते, जन्माचं नातं. कासिमिराने वाटी भरली. एदुविगिस सावकाश खात होती. वाटी चाटूनपुसून रिकामी झाली.

"निम्मं पाणी आहे ना?" कासिमिराने अखेर विचारलं.

एदुविगिसने मान खाली घातली.

"काय सांगू कोमाद्रे, आज पहिल्यांदाच खाल्लं."