दोरीचं दुसरं टोक

आमच्या घरी संकटं नेहमी फ्रिजवर उगवतात. त्या सकाळी दूध काढायला गेलो, तर दारावर बायकोच्या अक्षरातला कागद: "डोंगराचे कडे चढायची सहल. दोन महिने. कमी खर्चात." खाली दोन रकाने. ‘माणसं’ या रकान्यात ती आणि दातांचे डॉक्टर. ‘सामान’ या रकान्यात दोरी, शेगडी, तांदूळ, वाळूची दोन पोती. आणि सगळ्यात शेवटी: "हॉटेल परवडणार नाही. गाडीतच झोपायचं."

दूध फ्रिजमध्येच राहिलं.

दातांचे डॉक्टर म्हणजे आमचेच. बायकोची दाढ काढता काढता त्यांनी तिला चढाईचा नाद लावला. वर्षभर दर शनिवारी दोघं चढाईच्या हॉलमध्ये जातात. ती भिंत चढते, ते खालून दोरी धरतात. मला हा माणूस सहन होत नाही, हे उघड सांगतो. पण भांडणार कसं? ज्याच्यापुढे आपण दर सहा महिन्यांनी आ वासून पडतो, त्याच्यावर डोळे वटारता येत नाहीत. आणि माझं खरं दुखणं वेगळंच होतं. बायको आपला जीव त्यांच्या हातात बिनघोर सोपवते. माझ्या भरवशावर ती गॅसवरचं दूधसुद्धा ठेवत नाही. (दोनदा उतू गेलं. तिसऱ्यांदा पातेलंच गेलं.)

"मीही येतो," मी म्हणालो.

"तुम्ही काय करणार तिथे?"

"तुझी दोरी धरीन."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. शनिवारी परीक्षा घेऊ, म्हणाली.

आठवडाभर मी ऑफिसात टेबलाच्या पायाला नाडी बांधून सराव केला. (साहेबांना सांगितलं, फायली बांधतोय. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्यावर खूश दिसले.)

शनिवारी हॉलमध्ये दोरी अडकवायचा कमरेचा पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला. शिकवणाऱ्या बाईंनी नियम सांगितला: चढणारा वर सरकला की दोरी सोडायची, घसरला की धरायची. यात काय अवघड? बायको चढू लागली. शेजारी डॉक्टर हाताची घडी घालून तिच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. बघता बघता माझी मूठ आवळत गेली.

"अहो, दोरी सोडा," वरून आवाज आला.

"नाही सोडणार."

"जरा ढील द्या. मला पुढे जाता येत नाहीये."

"जन्मात सोडणार नाही तुला," मी म्हणालो, आणि खरंच माझे डोळे भरून आले.

हॉलमधले सगळे चढणारे होते तिथेच थांबले. बायको पालीसारखी भिंतीला चिकटून, ना वर ना खाली. (तिचा चेहरा खालून दिसत नव्हता, हे माझं नशीब.) शेवटी बाईंनी तिला खाली उतरवलं आणि दोरी डॉक्टरांकडे दिली.

आता ती सरसर चढली. डॉक्टर दोरी अशी सोडत होते की बघून माझा जळफळाट झाला. आणि तेवढ्यात वर तिचा पाय घसरला. वरच्या कडीतून ओवलेली दोरी ताणली गेली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम पन्नास किलोचे डॉक्टर जमिनीवरून उचलले जाऊन पुरुषभर उंचीवर लटकले. (बायकोचं वजन मी लिहिणार नाही. मला याच घरात राहायचंय.) वर्षभरात मला इतका आनंद झाला नव्हता.

"म्हणूनच वाळूची पोती न्या म्हणते," बाई म्हणाल्या. "हलक्या माणसाला मागून वजनाला बांधावं लागतं. आज तेवढं राहिलं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं. लटकत्या डॉक्टरांनीही मान वळवली.

"पोती गाडीत जागा अडवतात, कड्यापर्यंत वाहूनही न्यावी लागतात," बायको विचार करत म्हणाली. "हे आपले आपण चालत येतील."

तर मी जाणार. दोन महिने डॉक्टरांच्या पाठीमागे पट्ट्याने बांधलेला, पण जाणार. गाडीत मधे मीच झोपणार, ही माझी अट दोघांनी लगेच मान्य केली. त्या दिवशी जेवताना बायकोने न मागता मला दुसऱ्यांदा वाढलं, मग तिसऱ्यांदा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं. माझा सगळा मत्सर विरघळला. जिंकलो, असं वाटलं.

हात धुऊन पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेलो. ‘माणसं’च्या रकान्यात अजून दोघंच होती. ‘सामान’मध्ये मात्र वाळूची पोती खोडून लिहिलं होतं: "हे. वजन ब्याण्णव. घटू देऊ नये."