काकूंचं कपाट आणि उजवा बाण

"आता तुला माऊसला हातसुद्धा लावावा लागणार नाही," असं नवऱ्याने छाती फुगवून जाहीर केलं. बायको लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे करायची, आणि माऊस धरून धरून तिचं मनगट सुजलं होतं. याची नोकरी सुटलेली. घरात बसून तिचे हाल बघवत नव्हते. म्हणून जीव तोडून त्याने कॉम्प्युटरच्या प्रत्येक कामाला कीबोर्डवरची बटणं नेमून दिली होती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. आराखडा त्यांनी दोनदा नापसंत केला होता. आजही पटला नाही तर काम दुसरीकडे जाणार होतं. काकू म्हणाल्या, कपाटाचं तोंड खिडकीकडे हवं. कपाट फिरवायला बायकोने नेहमीप्रमाणे कंट्रोल, आल्ट आणि उजवा बाण ही बटणं एकदम दाबली. कपाट जागचं हललं नाही; अख्खा स्क्रीनच कुशीवर वळला! नवऱ्याने नेमकी तीच बटणं स्क्रीन फिरवायला दिली होती, आणि कॉम्प्युटरने आधी त्याचं ऐकलं. घरात एवढा मान त्याला पहिल्यांदाच मिळत होता.

आत्ता सरळ करतो म्हणत त्याने आणखी काहीतरी दाबलं, तर यंत्र मोठ्याने हवामानाचा अंदाज वाचू लागलं.

"अहो," बायको अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता एकाही बटणाला हात लावू नका."

तेव्हा त्याने मॉनिटरच उचलला, कुशीवर वळवला आणि छातीशी धरून उभा राहिला. हात भरून आले, घाम डोळ्यांत गेला, पण पठ्ठ्या हलला नाही. समोर ती सुजल्या मनगटाने माऊसवरच कपाट फिरवत होती. ते बघून त्याला फार वाईट वाटलं.

काकू चष्मा सावरत कपाटाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पसंत आहे. हेच करा."

बायकोचा चेहरा असा खुलला, की त्याला राहवेना. मॉनिटर एका काखेत मारून त्याने सेव्ह करायचं बटण स्वतःच दाबलं. तेच बटण कॉम्प्युटर बंद करायलाही नेमल्याचं तो साफ विसरला होता.

स्क्रीन काळा पडला. पसंत पडलेला आराखडा गेला.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "पुन्हा काढ गं, मला घाई नाही," त्या बायकोला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही तो मॉनिटर दोन्ही हातांनी धरा. तुमचे हात गुंतलेलेच बरे."