राखीव सेंटर, तोही जोडीनं

"देशाला साखर आपन दिलीच, आता बास्केटबॉल देनार!" साखर कारखानदार आप्पासाहेबांनी कोल्हारच्या चौकात जाहीर केलं. व्यावसायिक लीगमधला एक संघ त्यांच्या मालकीचा होता. टाळ्या पडल्या. सत्कार घेऊन संघाचा सेंटर बिभीषण स्टेजवरून उतरायला निघाला, तर गुडघ्यापर्यंतचा हार पायात अडकला आणि तो थेट डीजेच्या बॉक्सवर पडला. बघता बघता घोटा कवठाएवढा झाला.

सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा सगळ्यात उंच गडी. संघाकडे तो एकच होता आणि रविवारचा सामना हरला तर संघ लीगबाहेर जाणार होता.

"राखीव सेंटर घ्या म्हणून मी कधीची सांगतेय," प्रशिक्षक मोनिका म्हणाली. "तो मुंबईचा घेतला असता तर..."

"लई महाग हुता. पैसे फ्लेक्समधीच गेले," आप्पासाहेब म्हणाले. "कारभारी, स्वस्तातला उंच मानूस बघ."

कारभारी हा संघाचा मॅनेजर. त्याआधी त्याचं आयुष्य ऊसतोडीच्या टोळ्या ठरवण्यात गेलेलं. त्यामुळे माणूस आणायची त्याला एकच रीत ठाऊक होती: जीप काढायची आणि पाथर्डी गाठायची. तिथे मुकादम सूर्यभाननी त्याला कल्याण दाखवला. कल्याण आपल्या घरावरचे जुने पत्रे उतरवत होता. शिडीशिवाय.

"ह्यो चालंल!" कारभारी जीपमधूनच ओरडला.

"पर टोळीच्या रिवाजानं," सूर्यभान म्हणाले. "नवराबायको मिळून एक कोयता. सुटा गडी मिळायचा न्हाई."

आप्पासाहेबांना फोन लागला. "एकाच्या भावात दोन? मंग इचारतो काय? आन!"

उघडं घर तसंच टाकून जोडी कोल्हारला आली.

सरावाला कल्याणनं उडी न मारताच चेंडू काढला. मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो शांतपणे रेषेबाहेर गेला, चेंडू बायकोच्या, म्हणजे सत्यशीलाच्या, ओटीत ठेवला आणि जागेवर येऊन उभा राहिला.

"अहो, आपल्या खेळाडूला द्या ना!"

"तोडायचं काम माझं, म्याडम. मोळी बांधायची तिनं. पहिल्यापासून असंच हाय."

शनिवार संपला तरी चेंडू ओटीतच जात होता. शेवटी मोनिकानं सत्यशीलाला राखीव बाकावर बसवलं आणि हात जोडले. "ताई, तुम्ही घेऊ नका. कुणाला द्यायचा, तेवढं सांगा."

रविवारी सत्यशीला पदर खोचून बाकासमोर उभी राहिली.

"अवो, त्या चार नंबरला द्या! मोकळा हाय त्यो! आता त्या बुटक्याला! कामून बगत बसलाव, फोटो काढायलेत का तुमचा?"

कल्याण मुकाट्यानं देत गेला. पंच धावत आले. "या बाई कोण?"

"आमचा अर्धा सेंटर," कारभारी म्हणाला. पंचांनी नियम आठवून पाहिले. अर्ध्या सेंटरबद्दल त्यांत काहीच नव्हतं.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. "दे म्हनलं ना चार नंबरला!" सत्यशीला अशी कडाडली की चेंडू हातात असलेल्या विरोधी खेळाडूनंही तो निमूटपणे कल्याणच्या संघातल्या चार नंबरला देऊन टाकला. संघ जिंकला.

आप्पासाहेब हार घेऊन मैदानात शिरले. "दोघंबी कायमचे! सत्यशीलाबाई, मागा काय मागायचं ते. आज आप्पासाहेब न्हाई म्हननार न्हाई!"

कल्याणनं सवयीनं बायकोकडे पाहिलं. सत्यशीलानं लंगडत आलेल्या बिभीषणला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आप्पा, घर उघडं पडलंय. पत्रे टाकायला दोन उंच मानसं लागत्यात. आमच्याकडं एकच हाय, राखीव न्हाई. पाय बरा झाला की ह्या बिभीषणभाऊंना दोन रोज द्याल का? लई परवडनार न्हाई, पर जेवन घालू."