महर्षींचं बदक

मुलांवर चांगल्या सिनेमाचे संस्कार करायचे, हा निर्णय मी एका रविवारी दाढी करताना घेतला. (माझे बहुतेक घातक निर्णय दाढी करतानाच होतात. तोंडाला फेस असला की कुणाचा सल्ला घेता येत नाही.)

निमित्त झालं मागच्या खोलीचं. तिथे माझा प्रोजेक्टर आणि आमच्या फिल्म क्लबच्या डिस्क असतात. बायकोला तिथे शिलाई मशीन मांडायचं होतं.

"तुमचे ते सिनेमे तुमच्याशिवाय बघतं कोण?"

"मुलं बघतील."

"बघू दे की. सगळी शेवटपर्यंत बसली तर खोली तुमची. एक जरी उठलं, तर संध्याकाळी मशीन आत."

मला घाम फुटला. ऑफिसात मी आवक-जावक कारकून. माणूस म्हणून जी काही किंमत आहे, ती त्या खोलीतच.

प्रेक्षक तीन: माझी मुलगी, आणि भावाची दोन मुलं, प्रोफेसर (वय आठ, चष्मा) आणि बारक्या. बायको पंच म्हणून दाराशी बसली, हातात मोजपट्टी घेऊन.

आमच्या क्लबात एका थोर दिग्दर्शकाला आम्ही 'महर्षी' म्हणतो. आधी मी त्यांचं चरित्र सांगितलं. त्यांनी सिनेमापायी घर विकलं. मनासारखा ढग येईना म्हणून इतकं थांबले, की तेवढ्यात नायकाचं लग्न होऊन त्याला मुलगा झाला.

"मग ढग आला का?" बारक्याने विचारलं.

"नाही. पण त्यांनी तडजोड केली नाही."

"म्हणजे ढग नसलेलाच सिनेमा बघायचाय?" प्रोफेसर म्हणाला.

मी घाईघाईने डिस्क लावली. नायक तळ्याकाठी आला, बसला, बसूनच राहिला. बारक्या जांभया देऊ लागला. आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग आला: पडदा पांढराशुभ्र, आवाज बंद. मी नेहमीप्रमाणे उठून मान खाली घातली.

"काका, बिघडलं का?"

"बिघडलं नाही. हे पांढरं मौन आहे. नायकाच्या मनातली पोकळी." (या पोकळीवर मी क्लबच्या स्मरणिकेत मोठा लेख लिहिलाय. आमचे अध्यक्ष तर दर वेळी इथे रडतात.)

बारक्या उठायला लागला. बायकोने मोजपट्टी सरळ केली.

"थांब रे," मुलगी म्हणाली. ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. "बाबा, हाच सिनेमा इथे नेटवर नीट करून ठेवलाय. इथे पोकळी नाहीये. बदक आहे."

"काय आहे?"

"बदक."

तिने मोबाइल प्रोजेक्टरला जोडला. आमची डिस्क कॅसेटवरून उतरवलेली, ती कॅसेट दुसऱ्या कॅसेटवरून. या उतरवाउतरवीत जो भाग पुसला गेला होता, त्यात एक बदक नायकाचा बूट पळवत होतं. नायक मागे, बदक पुढे, मग बदक मागे, नायक पुढे, आणि शेवटी दोघंही तळ्यात. मुलं लोळायची बाकी राहिली. बायकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही हसलो, आणि मनातून फार ओशाळलो.

कुणीही उठलं नाही. उलट बदक पुन्हा लावावं लागलं. खोली वाचली.

मी अध्यक्षांना फोन केला. बदकाचं सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "ते बदक काढून टाकता येईल का हो?"

पुढच्या रविवारी मुलांनी आपले मित्र आणले. खोली गच्च भरली. मी मोठ्या उत्साहाने आत शिरणार, तोच मुलीने दार अडवलं.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही समजावून सांगता."

आता दर रविवारी आत महर्षी चालू असतात आणि मी हॉलमध्ये बायकोच्या मशीनपाशी बसून सुईत दोरा ओवून देतो. आत हशा पिकला की मी न राहवून तोंड उघडतो, "इथे महर्षींना खरं तर असं म्हणायचंय..."

"दोरा," बायको म्हणते.