दारव्ह्याचे सतरा ज्ञानी

एकोणीस वर्षं मी दारव्हा तालुक्याच्या बातम्या देतोय आणि माझ्या बातमीतला तपशील चुकला असं सिद्ध करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पूर आला तर मी टेप घेऊन पुलावर जातो. मोर्चा निघाला की आयोजक पाच हजार सांगतात, पोलीस पाचशे सांगतात, मी आठशे त्रेचाळीस लिहितो आणि दोघेही आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत. अशा माणसाने ‘नाताळच्या प्रतीकांचा खरा अर्थ’ या विषयावर अर्धं पान मागितलं, तेव्हा संपादक फोनवर एवढंच म्हणाले, “चोवीसला संध्याकाळी साडेसातच्या आत पाठव.” त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक आजवर कोणाला मिळालेलं नाही.

बोरी अरबच्या रस्त्याला आमच्या गावचं छोटं चर्च आहे. तिथले पाळक बाबाराव. गाव त्यांना पास्टरसाहेब म्हणतं. मी वही उघडली आणि म्हणालो, “पास्टरसाहेब, चांदणी, झाड, मेणबत्ती. एकेक घेऊ.”

बाबारावांचा चेहरा असा फुलला, जणू बावीस वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होते. “शामभाऊ, मेणबत्ती सोपी हाय. दुसऱ्याले उजेड द्यायचा त स्वतः झिजा लागते. येशू जगाचा प्रकाश, तो असा झिजला. आता हे सुरूचं झाड घ्या. थंडीत बाकीच्यायची पानं गळतात, हे हिरवंच. देवानं दिलेलं जीवन सुकत नाही, म्हणून थे घरात आणाचं. आन् चांदणी? चांदणीची गंमत ऐका. राजवाड्यावर नाही थांबली. त्या लेकराजवळ जाऊन थांबली.”

मी भराभरा लिहीत होतो. अंगावर काटा आला, हे मी वहीत लिहिलं नाही.

मग त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला. “बावीस वर्षं झाली मले इथं. पंचवीस तारखेले अर्धं गाव येते. हात मिळवते, केक खाते, फोटो काढते, जाते. एका भल्या माणसानं त मले इचारलं, तुमचा लाल टोपीवाला देव औंदा कधी येते? हे सारं कायले करता, असं आजपर्यंत एकानंही नाही इचारलं. औंदा एकानं, फक्त एकानं इचारलं, तरी माह्या नाताळ झाला.”

त्यासाठीच त्यांच्या मुलीने, सुरभीने, चोवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या मैदानात जिवंत देखावा ठरवला होता. तुऱ्हाट्यांचा गोठा, गव्हाणीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, आणि कुटारात बाहुली. सुरभी मरिया, जावई अक्षय योसेफ. पाच मेंढपाळ चर्चमधलेच. मेंढ्या मिळाल्या नाहीत, म्हणून बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा खेमसिंग दोन बकऱ्या आणणार होता. आणि पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी पुरुष? पैकी एक आमचे विठ्ठलराव. गावात फीत कापायची असली की कात्रीच्या आधी त्यांना बोलावतात.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडवलं मी.

घरी जाऊन मी मत्तयाचं शुभवर्तमान काढलं. दुसरा अध्याय तीनदा वाचला आणि खुर्चीतून उठलोच. ज्ञानी लोक तीन होते असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही! भेटी तीन आहेत: सोने, ऊद आणि गंधरस. बाबारावांनी त्यांचाही अर्थ सांगितला होता. सोनं राजासाठी, ऊद देवासाठी आणि गंधरस त्याला पुढे मरायचं होतं म्हणून. पण आणणारे किती, याची नोंदच नाही. लोक वर्षानुवर्षं भेटींवरून माणसं मोजत आले. मी ताबडतोब चौकट लिहून पाठवली: ‘ज्ञानी तीनच होते, याला आधार काय?’ खाली एक ओळ टाकली, की दारव्ह्यातील देखाव्यात ज्ञानी पुरुषाच्या भूमिकेत विठ्ठलराव दिसतील.

एकवीस तारखेला चौकट छापून आली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. बोरी अरबकडचे माजी सरपंच धावजी.

“शामभाऊ, विठ्ठलराव ज्ञानी, आन् आमी काय गोटे हाओ?”

“तसं नाही धावजीभाऊ, ती भूमिका आहे.”

“आकडा नाही म्हून तुमीच छापलं नं? मंग मी बी. आन् ज्ञानी पूर्वेकडून आलते. बोरी पूर्वेले हाय. विठ्ठलराव त आर्णी रोडले राह्यते, थे दक्षिण होते. खरं पाह्यलं त त्यायचा हक्कच नाही लागत.”

भूगोल बिनचूक होता. दुपारपर्यंत सात ज्ञानी झाले, बाजार उठेपर्यंत बारा. बावीस तारखेला बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. धावजी हात जोडून उभे, मागे उंटाचं चित्र आणि मजकूर असा: ‘ज्ञानी पुरुषपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ दोन तासांत विठ्ठलरावांचा त्याहून मोठा फ्लेक्स लागला. त्यात उंट दोन होते.

तेवीस तारखेला सुरभी माझ्या घरी आली. रागावलेली नव्हती. रागावायच्या पलीकडे गेली होती.

“काका, सतरा झाले.”

“सतरा? भव्य होईल मग.”

“माझे पाचही मेंढपाळ त्याच्यात गेले. म्हणतात, ज्ञानी व्हायला जागा आहे तर मेंढ्या कायले राखू? फेटे बांधून बसले आहेत सकाळपासून.”

“मग मेंढपाळ कोण?”

ती माझ्याकडे बघत राहिली. चांगली बातमीदारी म्हणजे समोरच्याच्या नजरेतलं वाचता येणं. मी वाचलं आणि घोंगडी शोधायला आत गेलो.

चोवीसला पावणेपाचला मी मैदानात हजर. अंगावर घोंगडी, हातात काठी, खिशात वही, दुसऱ्या हातात दोन बकऱ्यांचे दोर. बकऱ्या माझ्याकडे बँकेच्या साहेबासारख्या बघत होत्या. खेमसिंग आणि त्याची बायको रुपीबाई बकऱ्यांच्या काळजीपोटी गोठ्याजवळच बसले होते. मैदानात दोनेकशे खुर्च्या, आणि सगळ्या रिकाम्या. कारण अख्खं गाव बसस्टँडवर ज्ञानी बघायला गेलं होतं. ठरलं असं होतं, की ज्ञान्यांनी बसस्टँडवरून निघायचं, गोठ्यावरच्या बांबूला बांधलेली चांदणी बघत बघत यायचं आणि गव्हाणीपुढे गुडघे टेकायचे. मागोमाग गाव येईल. मग बाबारावांनी माईकवर अर्थ सांगायचा. त्यांनी बोलायचं सगळं चार पानांवर लिहून आणलं होतं आणि ती पानं ते घड्या घालून घालून पुसट करत होते.

पाच वाजून वीस मिनिटांनी लांबून बँड ऐकू आला.

“येऊन राह्यले,” बाबाराव म्हणाले. त्यांनी पानं पुन्हा उघडली. मलाही राहवेना. मी आतापर्यंत तीन मुख्यमंत्र्यांच्या सभा केल्या, पण छातीत असं कधी धडधडलं नव्हतं.

मग धूर आला.

आधी काय झालं ते मला नंतर कळलं. सोनं आणायची कोणाची तयारी नव्हती. गंधरस म्हणजे काय, हे दारव्ह्यातल्या एकाही दुकानदाराला सांगता आलं नाही. राहिला ऊद. तो सहज मिळतो. त्यामुळे सतराच्या सतरा ज्ञान्यांनी ऊदच आणला, आणि धावजींनी धुपाटणं पेटवल्यावर विठ्ठलराव मागे कसे राहतील? त्यांनी दोन पेटवली. वारा अजिबात नव्हता. डिसेंबरच्या संध्याकाळी तो धूर असा बसला, की पहिल्या ज्ञान्याला स्वतःचे पाय दिसेनात आणि सतराव्याला सोळावा दिसेना. आमची पंधरा वॅटची चांदणी त्यात विस्तवावर टाकलेल्या कापसासारखी नाहीशी झाली.

रस्त्याच्या पलीकडे मंगल कार्यालय आहे. तिथे त्या दिवशी आर्णीच्या एका कुटुंबाच्या नातवाचं बारसं होतं. डेकोरेशनवाल्याकडे हंगामाचा माल होता, म्हणून त्याने फाटकावर दहा फुटी चमकती चांदणी लावली होती.

बँड आमच्या फाटकासमोर आला. मी काठी सावरली, सुरभीने पदर सावरला. आणि बँड पुढे गेला. रस्ता ओलांडला. मंगल कार्यालयात शिरला. मागोमाग गावही शिरलं.

“काका, जाऊन सांगा त्यांना,” अक्षय म्हणाला.

“नाही,” सुरभी म्हणाली, “काका गेले तर मेंढपाळ एकही राहत नाही. फोन करा.”

मी विठ्ठलरावांना फोन लावला. पलीकडे टाळ्या वाजत होत्या.

“शामभाऊ, पोचलो आमी. काय देखावा केला हो पोरीनं! पाळणा चांदीचा. आन् लेकरू त खरंच रडून राह्यलं.”

“विठ्ठलराव, तुम्ही भलतीकडे गेलात. ते बारसं आहे.”

“बारसंच त हाय. येशूचं नाही त कोनाचं?”

“अहो, मरिया इथे बसली आहे.”

“इथं बी हाय. शालू नेसली हाय. थांबा, मले शाल-नारळ देऊन राह्यले, नंतर बोलतो.”

धावजींना लावला. ते हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, चूक झाली हे मले कळलं. पण हे लोक आमाले आमदाराच्या माणसायसारखं वागवून राह्यले. पुढच्या सोफ्यावर बसवलं. आता उठलो त विठ्ठलराव मधात सरकन.” मग जरा थांबून म्हणाले, “आन् पंगत बसली हाय.”

बातमी म्हणून याहून चांगलं काही घडू शकत नव्हतं. पण बाबाराव पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसले होते, चार पानं मांडीवर घेऊन, आणि माझी मान वर होईना. तीनचे सतरा मी केले होते.

“पास्टरसाहेब, मी जातो आणि एकेकाला ओढून आणतो.”

“राहू द्या शामभाऊ. जेवणावरून माणूस उठवू नये.” त्यांनी पानं खिशात घातली. “सुरभी, चाल बेटा. कुटार आवरू.”

तेव्हा खेमसिंग उठला. चप्पल काढून गोठ्याजवळ आला. “पास्टरसाहेब, एक इचारू का? रागावसान नाही?”

“इचार नं.”

“कवापासून पाहून राह्यलो. हे तुमच्या देवाचं लेकरू हाय म्हनता, आन् गव्हानीत काहून ठेवलं? घर नव्हतं का?”

बाबारावांनी खुर्ची सोडली. ती चार पानं त्यांनी खिशातून काढलीच नाहीत. ते सरळ कुटारात बसले.

“जागा नाही दिली कोनी. गावात गर्दी होती, सारे भरलेले. पण खेमसिंग, देवाले जागा भेटली नसती का? त्यानं मनात आणलं असतं त वाडा भेटला असता. वाड्याले दार असते. दारावर माणूस असते. तुले आत जाऊ देल्लं असतं का?”

“मले कोन जाऊ देते?”

“गोठ्याले दार नसते. म्हणून थो तिथं आला. त्याची खबर पयले कोनाले भेटली? राजाले नाही, ज्ञान्यायले नाही. रात्री जनावरं राखत बसलेल्यायले.”

रुपीबाई आता पुढे सरकली होती. तिने सुरभीकडे बघितलं. “ही याडी थकली असन,” ती म्हणाली. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. “माह्या पोरगा प्रेम बी कुटारातच झाला. मळणी सुरू होती. मशीन बंद करा म्हनलं त कोनाले ऐकूच नाही गेलं.” मग तिने आपल्या डोक्यावरची ओढणी जरा काढली, तिच्या टोकाने बाहुलीवर पडलेली ऊदाची राख पुसली आणि बाहुलीला नीट झाकलं. “थंडी हाय. उघडं कायले ठेवलं?”

बाबारावांनी डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. चांदणी सांगितली, मेणबत्ती सांगितली. खेमसिंग प्रश्नावर प्रश्न टाकत गेला आणि बाबाराव बावीस वर्षांची थकबाकी वसूल केल्यासारखे उत्तरं देत गेले. सुरभी मरिया असल्याचं विसरून मांडी घालून ऐकत होती. अक्षयने उठून हळूच बांबूवरची चांदणी सरळ केली. धूर निवळला होता आणि ती आता स्वच्छ दिसत होती. बघायला आम्ही सहा जण होतो. पलीकडून श्रीखंडाच्या वाटीला वाटी लागल्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी माईकवर सतरा जणांची नावं मानाप्रमाणे घेत होतं.

घड्याळात सहा बावन्न झाले होते. माझ्या डोक्यात पहिला परिच्छेद तयार होता, दुसरा होत होता. इतक्या वर्षांत इतकी चांगली बातमी हाती लागली नव्हती.

एवढ्यात रुपीबाई माझ्याकडे वळली. घोंगडीकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

“भाऊ, पेपरात तुमीच लिवनार नं हे सारं? चांदणीचं, मेणबत्तीचं?”

“हो, मीच.”

“मंग तुमाले काय समजलं त्याच्यातलं?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. बाबाराव तर कुटारातून अर्धे उठले, डोळ्यांत अशी आशा की दुसराही सापडला. मी वहीची पानं उलटली. चांदणीची उंची होती. मेणबत्त्यांची संख्या होती. झाडाची जात होती.

“रुपीबाई,” मी म्हणालो, “जरा बकऱ्या धरता का? मला बातमी पाठवायची आहे.”