नरोत्तमआबा आणि खिशातला ग्लास

आमच्या शेजारचे नरोत्तमआबा बंडीच्या खिशात काचेचा ग्लास घेऊन फिरायचे. चहाचा असतो तसला, जाड बुडाचा. दारूबंदीचे दिवस होते. गावात नव्यानं आलेल्या हवालदारानं त्यांना भर बाजारात अडवलं. आबांनी उलट त्याचाच हात धरला. मनगटावर डास चावल्याचा लाल ठिपका होता, त्यावर ग्लासाचं बूड दाबलं, काचेतून निरखलं आणि म्हणाले, "पुसाई गया. तुले काही धोका नही." हवालदारानं ग्लास हुंगला, परत दिला आणि निघून गेला.

सारंगखेड्याजवळ तापीकाठी आमचं गाव. आबांची केळीची बाग होती, पण त्यांचं सगळं लक्ष गावातल्या पोरांच्या नडग्यांवर. पोर दिसलं की, "थांब रे. पाय दखाड." मग चौकशी. शिंका येतात का, अंगावर गांधी उठतात का, काय खाल्ल्यावर उठतात. ठिपका दिसला की ग्लास बाहेर. दाबल्यावर ठिपका दिसेनासा झाला तर सुटका, नाही झाला तर डॉक्टर. एकदा गोविंदाच्या पायावरचे जांभळे ठिपके काही केल्या जाईनात. आबांनी त्याला बैलगाडीत घालून शहाद्याला नेलं. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. जांभळाचे डाग होते. मग काय, शहादा बघायची हौस असलेली पोरं मुद्दाम पायांना जांभळं चोळून आबांसमोरून फिरू लागली.

माझी धाकटी बहीण सुशी मात्र खरीच नाजूक. शेंगदाणे खाल्ले की अंगभर गांधी, धूळ उडाली की शिंका आणि छातीत घरघर. साठ सालच्या आसपासची गोष्ट. पावसाळा सरता सरता तिला सर्दी झाली, ती बरी होते न होते तोच पोटात कळा सुरू झाल्या. आई म्हणाली जंत असतील, आणि वावडिंगाचा काढा दिला. पण सुशीचे घोटे सुजले, तिला उभं राहवेना. आबा आले. तिच्या नडग्यांवर हाताला लागतील असे जांभळट ठिपके होते. त्यांनी ग्लास दाबला. ठिपके तसेच. धोतराचा सोगा भिजवून पुसलं, पुन्हा दाबलं. तसेच.

आबांनी ग्लास खिशात घातला. वडलांना म्हणाले, "गाडी जुप भाऊ. आत्तेच."

शहाद्याच्या डॉक्टरांनी या वेळी स्पिरिटला हात लावला नाही. धुळ्याला न्या म्हणाले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी वडलांना समजावलं, "अंगातल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली आहे. त्यातून रक्त झिरपतं, ते हे ठिपके. लहानपणापासून गांधी, दमा असा ॲलर्जीचा त्रास असलेल्या मुलांत हे जरा जास्त दिसतं. नातं आहे असं वाटतं, पण नेमकं कसं ते आम्हालाही ठाऊक नाही. मूत्रपिंडावर गेलं तर कठीण, म्हणून लघवी तपासत राहू."

सुशी वाचली. लघवीही साफ निघत राहिली. पण वडलांनी धसका घेतला. शेंगदाणे बंद झाले ते ठीकच, पण पाठोपाठ अंगण, शाळा, मांजर, नदी, सगळंच बंद झालं. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आली. सुशी घोड्यांसाठी वेडी. वडील म्हणाले, "धूळ, घोड्यांचे केस. नाव काढायचं नाही."

आता आबा खूश होतील असं आम्हाला वाटलं. आबा आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "जाऊ दे तिले."

"तुम्ही सांगता हे?" वडील म्हणाले.

"मन्ही शांतीले हाऊच आजार व्हयना व्हता. जगनी ती. मंग मी तिले घरमा कोंडी ठेवं. उंबरठा वलांडू दिधा नही. तिनी माय तिले लिसन सुरतले माहेरले निंघी गई." आबा हाताच्या रेषा बघत होते. "आते शांतीनं लगीन बी व्हई गयं. तब्येत चांगली शे म्हनतस. मन्हाकडे येत नही."

आम्हाला वाटायचं आबांना मूलबाळच नाही.

वडील उठून आत गेले. मग सुशीच्या तोंडाला ओला रुमाल बांधून त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. सुशीनं विचारलं, "आबा, तुम्ही चला ना."

"नही बेटा. मी उनू तं तुले घोडाजवळ जाऊ देवाव नही."

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा आबा तिथंच बसलेले. सुशी धावत त्यांच्याकडे गेली, आणि बोलायला तोंड उघडलं तोच शिंकली. आबा ताडकन उठले. मग स्वतःच सावरून खाली बसले, हात मांड्यांखाली दाबून धरले.

"कोनता घोडा आवडना तुले?"

"पांढरा! कपाळावर काळा टिळा होता त्याच्या!" सुशी सांगत सुटली. शेपटी, आयाळ, पायातले घुंगरू.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आमच्यापैकी कुणाकडेच न बघता म्हणाले, "शांतीले कोनता आवडता, काय माहीत."