कासवाच्या पोटात शिरलेल्या पाण्याचे पारिपत्य

ही हकीकत लिहावी ऐसा हुकूम कोणी केला नाही. परंतु न्हाणीघरात ऐसा बाका संग्राम जाहला आणि त्याची नोंद न राहिली, तर मागाहून येणारे बोल लावतील, सबब जैसे घडले तैसे लिहिले असे.

तिसऱ्या मजल्यावरील घरी सूनबाईसाहेब मोठ्या हिकमती इंजिनियर होत्या. त्यांणी नोकरी सोडून, सहा मास खपून, पाण्याखाली पोहणारे डब्याएवढे यंत्र सिद्ध केले आणि त्यास कासव म्हणो लागल्या. मनसुबा ऐसा की, तरणतलाव रिकामा न करिता कासवाने तळाशी जावे आणि पाणी कोठून गळते त्याचा ठाव काढावा. तलावाच्या व्यवस्थापकसाहेबांनी रविवारी अकरास हजर होण्यास फर्माविले होते. इकडे जुन्या कचेरीचा खलिता आला होता की, सोमवारी रुजू होता तर व्हा, नपेक्षा जागा दुसऱ्यास देऊ. पतिराज कामानिमित्त परगावी. ऐसा पेच.

कासवाचे पोटी एक डबी, डबीत मोटर, आणि मोटरीचा दांडा भोकातून बाहेर येऊन पंखा फिरवी. त्याच भोकातून पाणी नामे गनीम आत शिरे. मग सूनबाईंनी बाथटबापाशी तळ दिला आणि बादल्या जप्त केल्या आणि सासरेबुवांस शेजाऱ्यांकडे स्नानास जाण्याचे फर्मान सुटले. सासरेबुवा पंपदुरुस्तीच्या कामातून निवृत्त जाहले होते आणि तेव्हापासून सल्ला देण्याच्या कामावर स्वखुशीने रुजू होते. ते टॉवेल घेऊन गेले, स्नान करून आले, आणि न्हाणीघराच्या दाराशी येरझारा घालू लागले.

पहिल्या स्वारीस भोकाशी ग्रीसचे पथक ठेविले. ते पाव घटकेत फितूर होऊन टबात तरंगू लागले. दुसऱ्या स्वारीस दोन रबरी कड्यांची चौकी बसविली. गनीम अडला खरा, परंतु दांडाही अडला, आणि मोटर गुरगुरून, तापून, मूर्च्छित पडली. नवी मोटर चढविली, एक कडी काढली, तो डबीत पुन्हा चमचाभर पाणी. मग शनिवारी दोन प्रहरी सूनबाई टबाच्या काठी मटकन बसल्या आणि सोमवारी कितीची बस धरावी याची मसलत मनाशी करू लागल्या.

तेव्हा सासरेबुवा दारातून म्हणाले, "एक विचारू? रागावणार नसशील तर."

"विचारा बाबा."

"डबीत आत्ता काय आहे?"

"काही नाही. हवा."

"मग पाणी येणारच की. मोकळी जागा दिसली की शिरतं ते. आमच्या बोअरच्या मोटरी आम्ही आधीच तेलाने भरून ठेवायचो. तूही तेल भर. पातळ, शिलाई मशीनचं. एक कडी राहू दे, म्हणजे तेल बाहेर येणार नाही."

"हे तीन दिवस का नाही सांगितलंत?"

"तू दार लावून घेत होतीस."

हे कलम खरे होते, सबब सूनबाईंचे कान तांबडे जाहले. मग डबीत तेलाची शिबंदी भरली आणि सासरेबुवा मांडी ठोकून बसले, आणि डबी तिरपी धरून नखाने टिचक्या मारीत मोहरीएवढा शेवटला बुडबुडादेखील त्यांणी हद्दपार केला.

रविवारी कासव तलावात उतरले. व्यवस्थापकसाहेब हाताची घडी घालून उभे. चाळीस मिनिटांनी, खोल बाजूच्या शिडीखाली, केसाएवढी चीर कासवाच्या कॅमेऱ्याने पडद्यावर दाखविली आणि साहेबांची घडी सुटली. परंतु सूनबाईंनी जल्लोष केला नाही. कासव वर घेऊन डबीतले तेल त्यांणी काचेच्या पेल्यात ओतिले. पाणी शिरले असते तर तळाशी थेंब बसता. सासरेबुवांनी पेला उजेडाकडे धरिला आणि इतका वेळ न्याहाळला की साहेब खाकरले.

"एक थेंब नाही," ते म्हणाले, आणि पेला सूनबाईंच्या हाती दिला.

येणेप्रमाणे गनिमाचा मोड होऊन फत्ते जाहली. तलावाचे बारमाही काम कासवास मिळाले, जुन्या कचेरीस नकाराचा खलिता रवाना जाहला, आणि परतीच्या वाटेवर तेलखात्याच्या सरदारीविषयी बोलणे निघाले.

"बाबा, उद्यापासून दहा ते पाच याल का कामाला?"

सासरेबुवांनी बहुत विचार केला. "साडेनऊला आलो तर चालेल?"

ही अट मंजूर करून दफ्तरी दाखल केली असे.